सुट्टीत घरी जाऊ, पण हिशेबाने

(कॅडेट, इयत्ता दहावी)

मित्रांनो, सुट्टीचे सर्क्युलर नोटीस बोर्डावर लागले की आपल्या हाउसमध्ये काय होते ते वेगळे सांगायला नको. ज्युनिअर लॉकरच्या दाराच्या आत दिवस मोजायला रेघा ओढतात. कोणी आईच्या हातच्या पुरणपोळीबद्दल बोलतो, कोणी गावच्या जत्रेबद्दल. तिकिटाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ते काम घरच्यांचे, असे आपण धरून चालतो. गेल्या वर्षापर्यंत मीही तसाच होतो. माझ्याकडून एक चूक झाली आणि त्यानंतर मी या विषयाचा नीट अभ्यास केला. तो आपल्या मराठी पानाच्या वाचकांना उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

माझी चूक

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा कळल्या, तेव्हा मी ते सर्क्युलर वहीत घालून ठेवले. रविवारी घरी फोन करायला मिळतो. एका रविवारी फुटबॉलच्या मॅचबद्दल बोललो, दुसऱ्या रविवारी युनिट टेस्टबद्दल. तारखा सांगायचे राहून गेले. महाराष्ट्र पार्टीच्या यादीत नाव द्यायची मुदतही उलटून गेली. जेव्हा सांगितले तेव्हा स्लीपरला मोठे वेटिंग होते आणि एस्कॉर्टबरोबरची तिकिटे काढून झाली होती.

शेवटी अण्णा मला न्यायला आले. अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून निवृत्त झाले आणि आता एका कारखान्यात वॉचमन आहेत. येताना ते जनरलच्या डब्यातून आले. भुसावळपर्यंत त्यांना उभे राहावे लागले, हे मला त्यांनी नाही, नंतर आईने सांगितले. ग्वाल्हेर स्टेशनवर मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा त्यांचे पाय सुजलेले दिसले. मी विचारले तर म्हणाले, "पेट्रोलिंगपेक्षा बरंच की रे!" परतीची तिकिटे एका दलालाकडून तत्काळमध्ये थर्ड एसीची घ्यावी लागली.

घरी अण्णांची खर्चाची डायरी असते. त्यात त्या दिवाळीचे पान असे होते: अण्णांचे जाणे ३५०, दोघांचे येणे ४,९००, खाणे-रिक्षा-एसटी ४५०, माझे परत जाणे ६००. एकूण ६,३०० रुपये. त्याखाली आईच्या अक्षरात एक ओळ होती, "कुकर पुढच्या महिन्यात बघू." मला कोणी काही बोलले नाही. बोलले असते तर बरे वाटले असते.

परत आल्यावर मी ठरवले, यापुढे माझा प्रवास मी स्वतः प्लॅन करणार. पुढे जे लिहिले आहे ते अण्णांकडून, आमच्या हाउस मास्टरांकडून, शाळेच्या कार्यालयातून आणि काउंटरच्या रांगेत उभे राहून शिकलो. नियम २०२५ मधले आहेत. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी एकदा विचारून घ्यावे.

एका मुलामागे सहा तिकिटे

सर्वात मोठी बचत कोणत्याही सवलतीत नाही, ती पार्टीबरोबर जाण्यात आहे. हिशेब करून बघा. पालक न्यायला येतात तेव्हा त्यांचे येण्याचे एक तिकीट. मग दोघांची जाण्याची दोन. सुट्टी संपल्यावर सोडायला येतात तेव्हा पुन्हा दोन आणि पालकांचे परतीचे एक. एका सुट्टीत एका मुलामागे सहा तिकिटे झाली. मुलगा एस्कॉर्टबरोबर गेला तर फक्त दोन. वर्षातून दिवाळी आणि उन्हाळा अशा दोनच सुट्ट्या धरल्या तरी बारा आणि चार असा फरक पडतो.

सहावी-सातवीच्या मुलांचे पालक काळजीपोटी स्वतः येतात, ते साहजिक आहे. माझेही अण्णा सहावीत दर वेळी येत होते. पण सातवीपासून मुलाने पार्टीबरोबर जायला हरकत नाही. त्यासाठी एकच गोष्ट लागते, ती म्हणजे यादीत वेळेवर नाव.

पार्टीतले एखादे नाव ऐनवेळी गळाले, कोणी आजारी पडून हॉस्पिटलमध्ये राहिला, तर ते तिकीट वाया जाऊ द्यायची गरज नाही. मान्यताप्राप्त शाळेच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये एकाचे आरक्षण त्याच शाळेच्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नावावर करता येते. गाडी सुटण्याच्या ४८ तास आधी शाळेच्या प्रमुखांचे लेखी पत्र द्यावे लागते आणि हा बदल एकदाच मिळतो. गेल्या वर्षी मला हे माहीत असते तर कदाचित अण्णांना यावे लागले नसते, कारण त्या पार्टीतला एक जण कांजिण्यांमुळे थांबला होता.

साठ दिवसांचे गणित

पूर्वी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी सुरू व्हायचे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. प्रवासाचा दिवस यात धरत नाहीत. उदाहरणार्थ, यंदा आपण १६ ऑक्टोबरला निघालो. त्या तारखेचे आरक्षण १७ ऑगस्टला सकाळी ८ वाजता उघडले. दिवाळी २१ ऑक्टोबरला, म्हणजे दिल्लीकडून महाराष्ट्रात जाणाऱ्या सगळ्यांची नजर त्याच आठवड्यावर. अशा गाड्यांमध्ये स्लीपर फार लवकर भरते.

म्हणून सर्क्युलर लागले की पहिले काम करायचे ते हे: निघण्याच्या तारखेतून ६० दिवस मागे मोजा आणि ती तारीख त्याच रविवारी घरी सांगा. परतीच्या तारखेचेही तसेच करा. पुष्कळ जण जाण्याचे तिकीट काढतात आणि परतीचे विसरतात. सुट्टी संपताना सगळीच वसतिगृहे एकदम भरतात, त्यामुळे परतीची गर्दी काही कमी नसते.

रात्री बारानंतर येणाऱ्या गाडीची तारीख नीट बघा. माझ्या वर्गातल्या एकाची गाडी रात्री १२ वाजून काही मिनिटांनी होती. तिकिटावर १० तारीख होती. त्याचे काका १० तारखेच्या रात्री जेवून-बिवून त्याला घेऊन स्टेशनवर पोचले. गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती. १० तारखेचे बारा म्हणजे ९ तारखेची रात्र संपते तेव्हाचे बारा. आपल्याकडे परेडला चोवीस तासांचे घड्याळ वापरतो, ते इथेही वापरले तर अशी चूक होत नाही.

विद्यार्थी सवलत

२०२० मध्ये कोविडच्या वेळी रेल्वेच्या पुष्कळ सवलती बंद झाल्या, ज्येष्ठ नागरिकांचीसुद्धा. त्यामुळे विद्यार्थ्यांची सवलतही गेली असे अनेकांना वाटते. ती गेलेली नाही. दिव्यांग, काही आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती चालू राहिल्या.

सुट्टीत घरी जाण्यासाठी सेकंड क्लास आणि स्लीपरच्या भाड्यात सर्वसाधारण विद्यार्थ्याला ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला ७५ टक्के सवलत मिळते. एसीला मिळत नाही. सर्वसाधारण विद्यार्थ्यासाठी वयाची मर्यादा २५ आहे. म्हणजे बारावीनंतर जे कॉलेजला जातील, त्यांनाही ती पुढे कित्येक वर्षे उपयोगी पडेल.

तिकीट अर्धे होते असे आपण म्हणतो, पण सवलत फक्त मूळ भाड्यावर असते. समजा स्लीपरचे मूळ भाडे ५६० रुपये आहे. त्यावर आरक्षणाचे २० आणि सुपरफास्टचे ३० लागतात. पूर्ण तिकीट ६१० रुपये. सवलतीत ५६० चे २८० होतात, पण वरचे ५० तसेच राहतात. तिकीट ३३० रुपये. एका फेरीत २८० वाचले. जाऊन-येऊन ५६० आणि वर्षाच्या दोन सुट्ट्यांत १,१२०.

ही सवलत मोबाइलवरून किंवा वेबसाइटवरून मिळत नाही. काउंटरवर जावे लागते आणि शाळेच्या प्रमुखांची सही-शिक्का असलेला ठरावीक नमुन्यातला दाखला द्यावा लागतो. दाखल्यात शाळेजवळचे स्टेशन आणि घराजवळचे स्टेशन लिहिलेले असते. सवलत त्या दोन स्टेशनांमधल्या प्रवासालाच असते. मामाकडे नागपूरला जायचे असेल तर चालत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पहिल्यांदा असा दाखला घेतला आणि शिक्का मारून घ्यायला विसरलो. मी तो पोस्टाने घरी पाठवला, अण्णा रांगेत दोन तास उभे राहिले आणि खिडकीवरून परत आले. चूक खिडकीवाल्यांची नव्हती. म्हणून दाखला हातात पडला की तिथेच उभे राहून पाच गोष्टी तपासा: नाव, वय, दोन्ही स्टेशने, सही, शिक्का. परतीच्या प्रवासाचा दाखलाही त्याच वेळी मागा. आणि साठ दिवसांच्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी अर्ज द्या, कारण कार्यालयात आपण एकटेच नसतो.

प्रवासात शाळेचे फोटो असलेले ओळखपत्र जवळ ठेवा. ते पेटीच्या तळाशी नको, खिशात हवे.

धाकट्यांच्या पालकांसाठी एक गोष्ट. बारा वर्षांखालच्या मुलाचे अर्धे तिकीट मिळते ते बर्थ न घेतल्यास. बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे लागते. हा नियम २०१६ पासून आहे. रात्रभराच्या प्रवासाला बर्थ लागतोच, तेव्हा त्या अर्ध्या तिकिटावर हिशेब मांडू नका.

एक तिकीट स्वस्त, दोन महाग

भूगोलाच्या तासाला सरांनी विचारले होते की दुप्पट अंतराला दुप्पट भाडे लागते का? आम्ही सगळ्यांनी हो म्हटले. उत्तर नाही असे आहे. रेल्वेचे भाडे अंतर वाढेल तसे दर किलोमीटरला कमी होत जाते. पहिले शंभर किलोमीटर महाग पडतात आणि हजारानंतरचे शंभर स्वस्त. म्हणून ग्वाल्हेर ते भोपाळ आणि भोपाळ ते पुणे अशी दोन तिकिटे काढली तर एकाच थेट तिकिटापेक्षा जास्त पैसे जातात. शिवाय आरक्षणाचे शुल्क दोनदा लागते आणि पहिली गाडी उशिरा आली तर दुसरी चुकते.

मी नकाशा बघितला तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली. आम्ही साताऱ्याची मुले सवयीने झेलम एक्सप्रेसने पुण्याला उतरायचो, तिथून रिक्षाने स्वारगेट आणि मग एसटी. पण दिल्लीहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस ग्वाल्हेरलाही थांबते आणि साताऱ्यालाही. पुढे सांगली, मिरज आणि बेळगावलाही जाते. संध्याकाळी बसले की दुसऱ्या दिवशी रात्री सातारा. त्या शेवटच्या दीडशे किलोमीटरला रेल्वेचे जे थोडे जास्त भाडे पडते, ते रिक्षा आणि एसटीच्या खर्चापेक्षा खूप कमी आहे. सातारा स्टेशन गावापासून दूर माहुलीला आहे, म्हणून कोणीतरी घ्यायला यावे हे आधी ठरवून ठेवावे. रात्री तिथे रिक्षा शोधण्यात वाचवलेले पैसे जाऊ शकतात.

झेलमही वाईट नाही. नगर, कोपरगाव, मनमाड, जळगावच्या मुलांना ती सोयीची आहे. तिचा नंबर ११ ने सुरू होतो, म्हणजे ती सुपरफास्ट नाही आणि तिला सुपरफास्टचे ३० रुपये लागत नाहीत. नंबर १२ किंवा २२ ने सुरू झाला तर ते लागतात. आपापले गाव कोणत्या मार्गावर आहे ते एकदा नकाशावर बोटाने शोधा. सगळे जण जातात त्याच गाडीने जायचे, असा काही नियम नाही.

ज्यांना पुण्याहून पुढे एसटीने जावे लागते, त्यांनी एक लक्षात ठेवावे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. स्टेशनवर घ्यायला वडिलांऐवजी आई किंवा ताई आली तर तेवढा खर्च कमी. माझी ताई म्हणते, हा उपाय तिने शोधला आहे, म्हणून तिचे श्रेय तिला देतो.

वेटिंग, तत्काळ आणि दलाल

आरएसी आणि वेटिंग यांत फरक आहे. आरएसीवर गाडीत चढता येते, निदान बसायला अर्धी जागा मिळते. वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये चढता येत नाही. ऑनलाइन काढलेले वेटिंगचे तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात.

तत्काळ हा शेवटचा उपाय आहे. आदल्या दिवशी एसीचे सकाळी १० ला आणि स्लीपरचे ११ ला सुरू होते. स्लीपरला १०० ते २०० रुपये आणि थर्ड एसीला ३०० ते ४०० रुपये जास्त लागतात. त्यात विद्यार्थी सवलत नाही आणि कन्फर्म तिकीट रद्द केले तर सहसा काहीच परत मिळत नाही. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारची पडताळणी लागते. ज्या पालकांचे खाते आधारशी जोडलेले नाही, त्यांनी ते सुट्टीच्या आधीच करून ठेवावे.

दलालाकडे मात्र जाऊ नये. परवाना नसताना तिकिटांचा धंदा करणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या अण्णांनी सतरा वर्षे वर्दी घातली. माझ्या विसराळूपणामुळे त्यांना अशा माणसाच्या दुकानासमोर उभे राहावे लागले, याचे मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटते.

तिकीट रद्द करायची वेळ आली तर लवकर करा. २०२५ मध्ये स्लीपरचे कन्फर्म तिकीट ४८ तासांहून आधी रद्द केले तर १२० रुपये कापत. ४८ ते १२ तासांत २५ टक्के आणि १२ ते ४ तासांत ५० टक्के कापत. त्यानंतर काहीच मिळत नसे.

सामान आणि खाणे

आपली काळी पेटी घरी नेऊ नका. स्लीपरला ४० किलो सामान फुकट नेता येते, पण ते उचलायचे कोणी? पेटी असली की हमाल लागतो, रिक्षाही वेगळी लागते. घरी घालायला तीन जोड, गृहपाठाची पुस्तके आणि टॉवेल एका पिट्टूत बसतात. उन्हाळ्यात मी पिट्टू पाठीवर घेऊन गेलो आणि हमालाचा एक रुपयाही लागला नाही.

जाताना मेसमधून पुरी-भाजीचे पॅकेट मिळते. ते पहिल्या तासात संपवायचे नसते! बाटली शाळेतून भरून घ्या. स्टेशनवर कमी पैशांत मिळणारी पुरी-भाजी पोट भरायला पुरते. भुसावळ-जळगावला केळी घ्या, तो मुलूखच केळ्यांचा आहे. परत येताना आईने दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. फक्त डबा वरच्या बर्थवर उघडू नका, कारण मग खाली काही पोचत नाही.

यंदाची दिवाळी

या वर्षी मी तारखा कळल्या त्याच रविवारी घरी सांगितल्या. पार्टीच्या यादीत नाव दिले. दाखल्यावर सही आणि शिक्का दोन्ही घेतले. जाण्या-येण्याची तिकिटे ६६० रुपयांना पडली, खाण्यापिण्याचे १४० झाले. मी घरी पोचल्यावर अण्णांची डायरी मागून घेतली आणि माझ्या हाताने लिहिले: एकूण ८०० रुपये. गेल्या वर्षीपेक्षा ५,५०० कमी.

आईने अजून आपली शाळा पाहिलेली नाही. गेली चार वर्षे वार्षिक दिनाला अण्णा एकटेच येतात किंवा कोणीच येत नाही. "दोघांचं भाडं कशाला," असे ती म्हणायची. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि अण्णा सकाळी सात वाजता साताऱ्याच्या काउंटरवर जाऊन उभे राहिलो. साठ दिवसांचे गणित मी आधीच मांडले होते. डिसेंबरची दोन स्लीपरची तिकिटे मिळाली, दोन्ही कन्फर्म. आईला खालचा बर्थ आहे.

परेडच्या वेळी ती कुठे बसेल ते मी बघून ठेवले आहे.

म्हणून माझ्या लहान-मोठ्या मित्रांनो, सर्क्युलर लागले की वहीत घालून ठेवू नका. साठ दिवस मागे मोजा, रविवारच्या फोनवर पहिली गोष्ट तीच सांगा, आणि दाखल्यावर शिक्का बघा.

जय हिंद!